शॅनन की फॉन नॉयमन: कुठली एन्ट्रॉपी वापरायची?
नाणं उडालंय, हाताखाली झाकलंय. छापा की काटा? एवढ्या अज्ञानाची किंमत एक बिट. माहिती सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन याची एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचं माप (१९४८), हेच मोजते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनची वयाने थोरली, १९२७ची. ती घनता मॅट्रिक्सवर, म्हणजे क्वांटम प्रणालीची अवस्था मांडणाऱ्या आकड्यांच्या चौकटीवर चालते. मॅट्रिक्स कर्णरूप असेल (कर्णाबाहेर सगळे शून्य) आणि त्याच आधारात, म्हणजे त्याच मूळ अवस्थांच्या संचात मोजमाप केलं, तर दोघींचं उत्तर सारखंच.

खरी गंमत क्वांटम दृष्ट्या गुंतलेल्या (एन्टँगल्ड) जोडीत, जिथे दोघांची अवस्था वेगवेगळी सांगताच येत नाही. पूर्ण गुंतलेल्या दोन क्यूबिटपैकी (क्यूबिट म्हणजे क्वांटम बिट) प्रत्येकाची एन्ट्रॉपी एक बिट, पण जोडीची शून्य! शॅननच्या हिशोबात अख्ख्याची एन्ट्रॉपी भागापेक्षा कधीच कमी नसते. इथे सशर्त एन्ट्रॉपी, म्हणजे अख्ख्याची वजा एका भागाची, चक्क उणे एक. (पहिल्यांदा वाचताना मला छपाईची चूक वाटली होती.)

आणि हे उणे चिन्ह नुसतं कागदावरचं नाही. भौतिकशास्त्रज्ञ रोल्फ लँडाउअर याच्या १९६१च्या तत्त्वानुसार एक बिट पुसताना ३०० केल्विनला किमान सुमारे २.९ × १०⁻²¹ ज्यूल उष्णता बाहेर पडते. गुंतलेला जोडीदार हाताशी असेल, तर क्यूबिट पुसताना उलट तेवढंच काम तत्त्वतः पदरात पडतं. गुंतणूक मात्र खर्ची पडते. साध्या मेमरीसाठी मी शॅननवरच भागवेन. क्यूबिट आले की फॉन नॉयमनला पर्याय नाही.