गिट: आमच्या ग्रुपमधला खोटं न बोलणारा मेंबर

प्रोजेक्ट चौघांचा, कोड दोघांचा. आधी झिप फायली पाठवायचो. 'फायनल_खरंच_फायनल' उघडावी तर माझं मोटर कंट्रोलचं फंक्शनच गायब! म्हणून गिटवर आलो, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या टूलवर. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी बनवलेलं हे टूल शिकायला किचकटच. पहिल्याच मर्ज कॉन्फ्लिक्टला (दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली की गिट अडतं, ते) आमच्या एका पठ्ठ्याने गिटने तिथे टाकलेल्या बाणांच्या खुणांसकट कोड कमिट केला, म्हणजे तसाच नोंदवून टाकला. बिल्ड, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणं, कोसळला, साहेब झोपायला गेले. पण 'गिट ब्लेम' दिलं की कुठली ओळ शेवटी कोणी, कधी बदलली ते समोर. व्हायवाच्या आदल्या रात्री कमिट मोजले: माझे ६१, त्या पठ्ठ्याचा तो बाणांचा सोडला तर १. तोही रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत, स्वतःचं नाव टाकायला. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो रीबेसने (आपले कमिट दुसऱ्या कमिटवर नव्याने रचण्याने) खाल्लेल्या रविवारासाठी.