बागेतले स्टॉल: एकच ठेकेदार की सुटे परवाने?

सार्वजनिक बाग असो की समुद्रकिनारा, खाण्यापिण्याचे स्टॉल, भाड्याच्या खुर्च्या, वाहनतळ हे सगळं पालिकेने स्वतः चालवू नये, यावर बहुतेक समित्यांमध्ये फारसा वाद होत नाही. घोडं अडतं ते पुढे. सगळं एकाच ठेकेदाराच्या हाती सोपवायचं, की प्रत्येक स्टॉलचा वेगळा परवाना काढायचा? मी ज्या समितीवर होतो तिने दुसरा मार्ग धरला, तोही एका मोठ्या ठेक्याची मुदत पूर्ण अनुभवल्यावर. तेव्हा माझा कल कुठे असणार हे तुम्ही ओळखलंच असेल.

तरीही एका ठेकेदाराची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. निविदा एक, अनामत एक, जाब विचारायला माणूस एक. वीजजोडणी, सांडपाण्याची वाहिनी, शौचालयं यांत पैसा घालायची ऐपत सुट्या विक्रेत्याची नसते. शिवाय गिऱ्हाईक फारसं न फिरकणाऱ्या कोपऱ्यातला स्टॉलही मोठा ठेकेदार उघडा ठेवू शकतो, कारण तिथली तूट प्रवेशद्वाराजवळच्या गल्ल्यातून भरून निघते. फ्रान्समधल्या ला बोल या गावच्या किनाऱ्याचं व्यवस्थापन २०१७ पासून १२ वर्षांसाठी वेओलिया या पाणी-कचरा क्षेत्रातल्या बड्या कंपनीकडे गेलं, तेही जुन्या व्यावसायिकांचा विरोध असताना. अर्थात तिथे कायद्याचं कुंपण आधीपासून होतं. २००६ च्या फ्रेंच नियमांनुसार नैसर्गिक किनाऱ्याचा ८० टक्के भाग मोकळा ठेवावाच लागतो आणि ठेका १२ वर्षांपलीकडे देता येत नाही. असं कुंपण तुमच्याकडे नसेल, तर ते करारात तुम्हालाच घालावं लागेल.

आमचं मत फिरलं ते एका नळामुळे.

करारानुसार बागेतल्या सगळ्या सोयींची देखभाल ठेकेदाराकडे होती. बाटलीबंद पाणीही तोच विकत होता. मधल्या हिरवळीजवळचा पिण्याच्या पाण्याचा नळ उन्हाळा सुरू होताच बंद पडला. तोटीला काळी प्लास्टिकची पिशवी बांधलेली, वर ‘दुरुस्ती सुरू आहे’ अशी पाटी, आणि पाच-सात पावलांवर थंड बाटल्यांचा फ्रीज. आम्ही नोटीस काढली. उत्तर आलं, सुटा भाग मागवला आहे. पुन्हा नोटीस, पुन्हा तेच उत्तर, फक्त तारीख नवी. दरम्यान त्या फ्रीजशेजारी दुसरा फ्रीज आला. लोक नळापर्यंत जात, पाटी वाचत आणि निमूट स्टॉलकडे वळत. ठेकेदार लबाड होता असं मी म्हणत नाही. सुटा भाग खरंच मिळत नसेलही. पण नळ बंद राहिला की ज्याचा फायदा, त्याच्याकडेच नळ दुरुस्तीचं काम, ही व्यवस्था आम्हीच सही करून दिली होती.

त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे आमच्या हाती असलेली शिक्षा. करारात दंड होता, पण एवढ्या उलाढालीपुढे तो किरकोळ. त्यावरची पायरी थेट ठेका रद्द करण्याची. ऐन हंगामात सगळी बाग बंद पाडायला कोण धजावणार? पालिका कचरते, ठेकेदाराला ते ठाऊक असतं, आणि नोटिसांची फाइल जाडजूड होत जाते. सुट्या परवान्यात शिक्षा बेताची, म्हणून ती करता येते. एक स्टॉल आठवडाभर बंद ठेवला तर गिऱ्हाईक शेजारी जातं आणि बाग चालू राहते.

सुटे परवाने म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र मुळीच नाही. इटलीतले किनारे पाहा. तिथे कुटुंबांकडे असलेल्या परवान्यांना वर्षानुवर्षं आपोआप मुदतवाढ मिळत गेली, जणू वडिलोपार्जित जमीनच. शेवटी २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाला सांगावं लागलं की खुली स्पर्धा न घेता अशी सरसकट मुदतवाढ देता येणार नाही. ग्रीसमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे लोक आंदोलनात उतरले, कारण किनाऱ्यावरच्या बारवाल्यांनी मंजूर जागेच्या कितीतरी बाहेर खुर्च्या पसरल्या होत्या. म्हणजे छोटा परवानाधारकही जागा खातो, फक्त घासाघासाने. खांब रोवून हद्द आखा आणि मोजायला माणूस ठेवा.

पैशाचं म्हणाल तर लहान परवान्यातून उत्पन्न बुडतं, हा समज मला तरी पटत नाही. न्यूयॉर्कच्या बागांमध्ये खाद्यपदार्थांच्या हातगाड्यांच्या जागांसाठी बोली लागते. सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका हातगाडीच्या जागेचं वर्षाचं भाडं २०१३ मध्ये २,८९,५०० डॉलर होतं. मोठा ठेकेदार विक्रीतला वाटा देऊ करतो तो आकर्षक दिसतो. पण विक्रीचा आकडा त्याच्याच गल्ल्यातून येतो, आणि तो तपासायला पालिकेकडे लेखापाल मोकळा असतोच असं नाही. ठरावीक भाड्यात ही कटकट नाही.

त्याच शहरातला ब्रायंट पार्क मात्र माझ्या विरोधात साक्ष देईल. १९९२ मध्ये नव्याने उघडलेली ही बाग एकच खासगी संस्था चालवते आणि उत्तम चालवते. खुर्चीवर बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. पण ती संस्था ना-नफा आहे आणि उपाहारगृहाचं उत्पन्न बागेवरच खर्च होतं. तुमच्या शहरात अशी संस्था उभी असेल तर माझा युक्तिवाद बराच सैल पडतो. नुसता नफ्यासाठी आलेला ठेकेदार आणि अशी संस्था यांना एका तागडीत घालू नका, एवढंच.

आम्ही शेवटी परवाने ठरावीक मुदतीचे ठेवले, आपोआप नूतनीकरण काढून टाकलं आणि नळ, बाक, सावलीची झाडं व शौचालयं कुणाच्याही परवान्यात घातली नाहीत. सफाईचं काम सगळ्या बागेसाठी एकाकडे दिलं, नाहीतर दोन स्टॉलच्या मधला कचरा कुणाचाच नसतो. कारकुनी काम वाढलं, आणि कोपऱ्यातला एक स्टॉल अजून रिकामा आहे. तुमच्या किनाऱ्यावर वीज आणि सांडपाण्याची वाहिनीच नसेल, तर तुम्हाला बहुधा एकच मोठा ठेकेदार घ्यावा लागेल. घ्या, पण पिण्याच्या पाण्याचा नळ त्याच्या करारातून वगळा.