जांघेतली खाज: घरचा उपाय, फार्मसीची ट्यूब की डॉक्टर?

पावसाळ्यात गोव्यात जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. दोरीवरच्या पँटला हात लावून पाहा: पाय कोरडे झालेले असतात, पण कमरपट्टी आणि जांघेतली जाड शिवण ओलीच. तीच चढवून, वर रेनकोट घालून आपण पेडण्याहून वेर्ण्यापर्यंत दुचाकीवर जातो. मग एक दिवस खाज सुटते. लाजेपोटी कुणाला सांगवत नाही आणि समोर तीन वाटा दिसतात. मी तिन्ही चाललो आहे. मधल्या वाटेने माझे चार महिने खाल्ले, म्हणून हे लिहितोय.

वाट ठरवण्याआधी आरसा आणि चांगला उजेड घेऊन नीट बघा. खाज नेमकी कुठे आहे, यातच निम्मं उत्तर असतं.

जांघेच्या घडीपासून मांडीकडे पसरणारा चट्टा, कड उठलेली आणि खवलेदार, मधली कातडी निवळलेली, असं दिसलं तर ते बहुधा गजकर्ण. त्यातून अंडकोषाची कातडी सहसा वाचते. पायांची बोटंही तपासा, कारण चिखल्यांमधली बुरशीच बऱ्याचदा चड्डी चढवताना वर येते. (चिखल्या असतील तर आधी मोजे घाला, मग चड्डी.) याउलट चट्टा नाही, पण अंडकोष किंवा लिंग चुरचुरतंय, लाल झालंय, तर गेल्या आठवड्यात काय बदललं ते आठवा: साबण, कपड्यांची पावडर, कंडोम, आंघोळीच्या पाण्यातलं अँटिसेप्टिक. ती बुरशी नसून चिडलेली कातडी असू शकते. लिंगाच्या टोकावर आणि त्यावरच्या कातडीखाली लाली आणि दह्यासारखा पांढरा थर असेल तर ते यीस्ट, म्हणजे वेगळ्या प्रकारची बुरशी. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांतही पुळ्या आहेत, घरात आणखी कुणी खाजवतंय, तर खरूज.

घरचा उपाय चिडलेल्या कातडीला सर्वांत चांगला, आणि तिथे मी दुसरं काही सुचवणारच नाही. साबण बंद, नुसतं पाणी, टॉवेलने न घासता टिपून कोरडं करायचं, वर साधी पेट्रोलियम जेली, सैल सुती चड्डी. आठवड्याभरात फरक दिसायला हवा. लिंबू, लसूण, व्हिनेगर मात्र लावू नका. त्या नाजूक कातडीला ते भाजतात आणि मग मूळ दुखणं कोणतं हेही कळत नाही. गजकर्णाला नुसती स्वच्छता पुरत नाही, पण तिच्याशिवाय औषधही टिकत नाही. चड्डी रोज बदला, टॉवेल वेगळा ठेवा, आणि ऊन नसेल तर चड्डी उलटी करून शिवणींवर गरम इस्त्री फिरवा.

फार्मसीची ट्यूब म्हणजे खरं तर दोन वेगळ्या गोष्टी, आणि सगळा घोळ इथेच होतो. एक साधी बुरशीनाशक, उदाहरणार्थ 1% क्लोट्रिमॅझोल. साध्या गजकर्णाला ही ठीक: दिवसातून दोनदा, कडेच्या दोन बोटं बाहेरपर्यंत, आणि चट्टा गेल्यावरही निदान दोन आठवडे. दुसरी 'सगळ्यावर चालते' म्हणून मिळणारी मिश्र ट्यूब: बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र. मला काउंटरवर हीच मिळाली. दोन दिवसांत खाज थांबली, मी खूश. ट्यूब बंद केली की चट्टा परत, दर वेळी थोडा मोठा. कारण स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं, पण बुरशीला मोकळं रान देतं. ओळखीची गोल कडही पुसली जाते, मग डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. वर जांघेतली कातडी पातळ होऊन पांढुरके-लालसर ओरखड्यासारखे पट्टे पडतात, ते कायमचे. अंडकोषाची कातडी तर हाताच्या कातडीच्या कितीतरी पट, एका जुन्या मोजणीत सुमारे 42 पट, स्टिरॉइड शोषते. पुष्कळशी स्टिरॉइड मलमं केंद्र सरकारने 2018 मध्ये शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही पैसे देण्याआधी ट्यूबची मागची बाजू वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव असेल तर ती परत करा.

डॉक्टरकडे सरळ कधी जायचं? फोड, जखम, पू, ताप, जांघेत गाठ असेल तेव्हा. साध्या ट्यूबने दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तेव्हा, कारण नेहमीच्या गोळ्या-मलमांना दाद न देणारी गजकर्णाची बुरशी आता आपल्या देशात बरीच पसरली आहे. खरूज वाटत असेल तेव्हाही, कारण घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावलं नाही तर ती फिरत राहते. यीस्ट पुन्हापुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासाच. मधुमेहाची पहिली खूण कधी कधी इथेच दिसते, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांनीही हा त्रास होतो. लिंगावरची कातडी मागे सरकून अडकली, सूज आली, तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सी गाठा.

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोग विभाग आहे. केसपेपर काढताना 'स्किन' एवढंच म्हटलं तरी पुरतं, बाकीचं आत डॉक्टरशी बोला. आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब पिशवीत घालून न्या, अर्धी संपलेली आणि शेजाऱ्याने दिलेलीसुद्धा.