रावपुऱ्यातील घड्याळदुरुस्ती : एक अनुभव

वडिलांचे १७ ज्वेल्सचे (घर्षण कमी करणाऱ्या बारीक खड्यांचे), चावीचे 'एचएमटी जनता' घड्याळ रोज मागे पडू लागले, तेव्हा एका मोठ्या दुकानाने आतले मशीनच बदलण्याचा सल्ला दिला. बडोद्यात रावपुऱ्याच्या एका गल्लीत टेबल मांडून बसणाऱ्या वयस्क कारागिरांनी मात्र मागचे झाकण माझ्यासमोर उघडले, डोळ्याला भिंग लावून बॅलन्स व्हीलची, म्हणजे घड्याळाची गती राखणाऱ्या चाकाची, अडखळती फिरकी पाहिली आणि तेल सुकून चिकट झाल्याचे निदान केले. मशीन पूर्ण सुटे करून, धुऊन, प्रत्येक जागी बेताचेच तेल देणे ही खरी सर्व्हिस. वरून थेंब सोडून घड्याळ चालू करून देणाऱ्यापासून (असे बरेच भेटतात) दूरच राहावे. "साहेब, डायलला हात लावायचा नाही," असे त्यांनी स्वतःहून बजावले, हे मला विशेष भावले, कारण नव्याने रंगवलेल्या डायलमुळे जुन्या घड्याळाचे मोल उतरते. मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) बदलल्यावर जुनी स्प्रिंग त्यांनी पुडीत बांधून परत दिली. मजुरी आधी ठरली व तेवढीच घेतली. पावती मात्र मिळत नाही, आणि दिलेला वायदा पुढे सरकतो. लग्नसमारंभासाठी घड्याळ हवे असल्यास बरेच आधी द्यावे.