युटा-अ‍ॅरिझोनाची कॅन्यन फेरी: आरव्ही, दोन गाड्या, की दोन्ही?

लास व्हेगसहून निघायचं, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज आणि ग्रँड कॅन्यन करून परत व्हेगसला यायचं. ही फेरी साधारण १,२०० मैलांची, आसपासचं फिरणं धरलं तर १,४०० ची. मित्राचं कुटुंब आणि भारतातून आलेले आईबाबा बरोबर असतील तर पहिली चर्चा वाहनावरूनच रंगते. एक जण म्हणतो आरव्ही (झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली मोठी गाडी) घेऊ, सगळे एकत्र राहू. दुसरा म्हणतो दोन मिनीव्हॅन आणि मोटेल, डोक्याला ताप नको. दोघांचंही काही अंशी बरोबर असतं.

आधी मत सांगून टाकतो. आठ जण असाल तर आरव्ही आणि जोडीला एक गाडी घ्या. चौघंच असाल तर गाडी आणि मोटेल, आरव्हीचा विचारही करू नका. सहा जणांचं उत्तर मुलांच्या वयावर ठरतं.

झोपायच्या जागा आणि बसायचे पट्टे

जाहिरातीत ‘सात जण झोपू शकतात’ असं लिहिलेलं असतं. आरव्हीत माणसं बसवताना मात्र पट्टे, म्हणजे सीट बेल्ट, मोजायचे असतात. भाड्याने मिळणाऱ्या ३० फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या) आरव्हीत साधारण सात पट्टे असतात, २५ फुटीत पाच. म्हणजे आठ जणांसाठी एक आरव्ही पुरतच नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा लहान मुलांचा. आतल्या टेबलाभोवतीच्या बाकांपैकी एकच बाक प्रवासाच्या दिशेला तोंड करून असतो. मागे तोंड असलेल्या किंवा आडव्या सोफ्यावर कार सीट लावायची नाही. समोर तोंड असलेल्या बाकालाही बहुधा फक्त कमरेचा पट्टा असतो. बूस्टर सीटला खांद्याचा पट्टा लागतोच, आणि हार्नेसवाल्या सीटचा वरचा टेदर (सीट मागे बांधून धरणारा पट्टा) अडकवायला तिथे हूक नसतो. शिवाय ते बाक लाकडी खोक्यावर बसवलेले असतात. मुलं आठ-नऊ वर्षांच्या आतली असतील तर त्यांनी गाडीत बसावं, हे उत्तम. आरव्हीसोबत गाडी घ्या असं सांगण्याचं पहिलं कारण हेच.

रस्ते: कुठे काय चालतं

दोन मिनीव्हॅन या फेरीत जवळजवळ सगळीकडे जातात. आरव्ही जात नाही, आणि नेमकी न जाणारी ठिकाणंच बघण्यासारखी आहेत.

झायनचा पूर्वेकडचा बोगदा १९३० साली बांधलेला, १.१ मैल लांब आणि अरुंद. पूर्वी मोठ्या वाहनांसाठी समोरची वाहतूक थांबवून परवाना देत असत. ७ जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद वाहनांना हा रस्ताच बंद करण्याचा निर्णय आहे. क्लास सी आरव्ही रुंदीतच अडकते. मग झायन ते ब्राइस हे ८५ मैलांचं अंतर इंटरस्टेट १५ आणि युटा २० या राज्यमार्गावरून सुमारे दीडशे मैलांचं होतं. गाडीवाले बोगद्यातून आरामात जातील, आरव्ही वळसा घालून येईल.

मॉन्युमेंट व्हॅलीची १७ मैलांची कच्च्या रस्त्याची फेरी आरव्हीला बंद. मोकी डगवे हा युटा २६१ वरचा घाट तीन मैल कच्चा, ११ टक्के उताराचा, आणि २८ फुटांहून लांब वाहनांनी तिथे जाऊ नये असं बजावलेलं आहे. मोआबजवळच्या कॅन्यनलँड्सच्या विलो फ्लॅट कॅम्पग्राउंडची मर्यादाही २८ फूट, जागा जेमतेम बारा, आणि पाणी नाही. ब्राइसच्या अ‍ॅम्फिथिएटर भागात शटल चालू असताना लांब वाहनांना पार्किंगची बंधनं असतात, तिथे मोफत शटलच घ्यावी.

युटा १२ वर मात्र आरव्ही जाते, आणि नेलीच पाहिजे इतका तो रस्ता देखणा आहे. पण बोल्डर गावाजवळ उतार काही ठिकाणी १४ टक्क्यांपर्यंत जातो आणि हॉगबॅक या अरुंद धारेवर दोन्ही बाजूंना दरी. सहा टन वजन ब्रेकवर पाय ठेवून उतरवलं तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग ते धरेनासे होतात. घाट सुरू होण्याआधीच टो-हॉल मोड (उतारावर इंजिनानेच वेग धरून ठेवणारं बटण) चालू करा, गिअर खाली आणा, ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून सोडा. दाबून ठेवू नका.

मॅप तीन तास म्हणाला तर आरव्हीला चार धरा. आणि आरव्हीचं सर्वांत जास्त नुकसान दरीत होत नाही, पेट्रोल पंपावर होतं. मागच्या चाकांच्या मागे सात-आठ फूट बॉडी लोंबत असते. पंपावरून निघताना स्टिअरिंग लगेच उजवीकडे फिरवलं की शेपूट डावीकडे जाऊन खांबाला घासते. आधी सरळ पुढे या, मग वळा. छताला आणि खालच्या बाजूला झालेलं नुकसान बऱ्याच भाडेकरारांच्या विम्यात येत नाही, तेवढं कलम सही करण्याआधी वाचा.

स्वयंपाकघर

इथे आरव्ही निर्विवाद जिंकते. झायनचं स्प्रिंगडेल आणि मोआब सोडलं तर या वाटेवर शाकाहारी माणसाला चीज पिझ्झा, फ्राइज आणि सॅलड यांच्यापुढे फारसं काही मिळत नाही. हँक्सव्हिल किंवा कायेंटासारख्या गावात आईबाबांना रात्री गरम वरणभात मिळणं ही मोठी गोष्ट आहे. मोटेलच्या खोलीत मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रीज असतो, पण शेगडी चालवायला बंदी असते.

फक्त विजेचं गणित समजून घ्या. ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने ३,६०० वॉट मिळतात. एसी साधारण दीड हजार खातो, मायक्रोवेव्ह तेवढाच, इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) हजार. तिन्ही एकदम लावले की खांबावरचा किंवा आतला ब्रेकर पडतो. पाणी तापवायचा हीटर विजेवर असेल तर दोनच उपकरणांत पडेल. हीटर गॅसवर ठेवा आणि स्वयंपाकाच्या अर्ध्या तासात एसी बंद करा.

हूकअप, म्हणजे कॅम्पग्राउंडच्या जागेवरची वीज-पाण्याची जोडणी, नसेल तर हे सगळं जनरेटरवर. तो तासाला अर्धा गॅलन पेट्रोल पितो, भाडंही तासावर लागतं, आणि मुख्य टाकी पाव भागावर आली की आपोआप बंद पडतो. हा बिघाड नसतो, तुम्ही वाळवंटात अडकू नये म्हणून केलेली सोय असते. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरला परवानगी नाही, पण तिथे वीजजोडणीच्या जागा आहेत. कॅपिटल रीफच्या फ्रुटामध्ये आणि मोआबजवळच्या आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डनमध्ये जोडणी नाही.

कुकर घरूनच न्या. ब्राइसचं पठार आठ हजार फुटांवर आहे, तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा अख्खाच राहतो. फोडणी मात्र बाहेर पिकनिक टेबलावर छोट्या गॅस शेगडीवर करा. आत केली तर धुराचा अलार्म वाजतो आणि मसाल्याचा वास गाद्यांत मुरतो. ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. तेल आणि भाताची शितं ग्रे टँकमध्ये (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीत) साचली की दुसऱ्या दिवशी उन्हात सिंकमधून आंबूस वास येतो.

संडास, पाणी आणि टाक्या

मधुमेह असलेले वडील किंवा तीन वर्षांचं मूल बरोबर असेल तर गाडीतला संडास किती मोलाचा, ते इंटरस्टेट ७० वर कळतं. सलायना ते ग्रीन रिव्हर हा शंभराहून अधिक मैलांचा टप्पा, वाटेत पेट्रोल नाही की दुकान नाही.

पण त्या सोयीची किंमत रोज चुकवावी लागते. स्वच्छ पाण्याची टाकी साधारण ४० गॅलनची. आठ जणांनी दोन-दोन मिनिटांत अंघोळ उरकली तरी त्यातलं पंचवीस-तीस गॅलन संपतं, आणि तेवढंच ग्रे टँकमध्ये जाऊन ती टाकी आधी भरते. भरली की सांडपाणी शॉवरच्या तळातून वर येतं. म्हणून अंघोळी कॅम्पग्राउंडच्या बाथरूममध्येच करा. मोआबजवळच्या डेड हॉर्स पॉइंटला पाणी टँकरने आणतात, तिथे टाकी आधी भरूनच जा.

टाक्या रिकाम्या करण्याचा क्रम असा. जाड रबरी हातमोजे घाला, पाइप आधी गाडीला घट्ट फिरवून लावा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात खोचून त्यावर दगड ठेवा. आधी ब्लॅक टँकची, म्हणजे संडासाच्या टाकीची, झडप उघडा, ती संपूर्ण रिती झाली की बंद करा. मग ग्रे उघडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. शेवटी संडासात दोन-तीन गॅलन पाणी आणि रसायनाची पुडी टाका. फुल हूकअपच्या (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या) जागेवर ब्लॅकची झडप उघडीच ठेवायचा मोह होतो. तसं केलं तर पाणी वाहून जातं, घट्ट मल मागे राहतो आणि टाकीच्या तळाशी कडक ढीग होतो, जो नंतर निघत नाही. झडप बंद ठेवा, टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच सोडा. ग्रुपमध्ये हे काम कोण करणार, हे निघण्याआधी ठरवा. ज्यांचं यावर एकमत होत नाही त्यांनी मोटेलच घ्यावं.

आईबाबा कुठे झोपणार

ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर शिडीने चढावं लागतं आणि उठून बसायला उंची नसते. तो मुलांसाठी. मागचा पलंग आईबाबांना द्या, पण बऱ्याच गाड्यांत तो भिंतीला लागून असतो, म्हणजे आतल्याला रात्री उठायचं तर बाहेरच्याला उठवावं लागतं. दाराची लोखंडी पायरी उंच असते, खाली ठेवायला एक रुंद स्टूल घ्या. गुडघे दुखत असतील तर ब्राइस, मोआब आणि ग्रँड कॅन्यनला त्यांच्यासाठी एक खोली घेणं हाच माणुसकीचा मार्ग. तसंही ग्रँड कॅन्यनच्या मेथर कॅम्पग्राउंडमध्ये एका जागेवर सहाच माणसांना परवानगी असते आणि ३० फुटांची मर्यादा आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर फुल हूकअप फक्त ट्रेलर व्हिलेजमध्ये मिळतं.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये ब्राइसला रात्री पारा शून्याखाली जातो. पाण्याचा नळ जोडून झोपलात तर सकाळी पाइप गोठलेला. टाकी भरून पाइप काढून ठेवा. गॅसची भट्टी चालू राहील, पण तिचा पंखा बॅटरीवर चालतो. हूकअप नसेल तर पहाटे बॅटरी उतरते आणि सगळे कुडकुडत उठतात. जुलैत उलट, मोआबला चाळीस अंशांजवळ ऊन असतं आणि आरव्हीचा एसी बाहेरच्यापेक्षा दहा-अकरा अंश खाली आणून दमतो. उन्हाळ्यात मोटेल सरस, वसंतात आणि सप्टेंबरअखेर आरव्ही.

पैसे

नऊ रात्रींचा अंदाज मांडू. दर हंगामाप्रमाणे बदलतील, प्रमाण बघा. आरव्हीचं भाडं रात्रीला २०० डॉलर धरलं तर १,८००. शिवाय मैलांचं भाडं मैलाला ४० सेंट, म्हणजे ५६०. गॅलनला नऊ मैल, साडेतीन डॉलर भावाने पेट्रोल सुमारे ५५०. कॅम्पग्राउंड सरासरी ६५, म्हणजे ५८५. विमा, कर, अंथरूण-भांडी यांचे ४५०. झाले ४,००० च्या आसपास. जोडीला भाड्याची गाडी आणि तिचं पेट्रोल ९००. एकूण ४,९००, आणि आईबाबांच्या खोल्या वेगळ्या.

दोन मिनीव्हॅन दहा दिवस ७५ डॉलरने १,५००, पेट्रोल ३९०, आणि रोज तीन खोल्या १७० ने ४,५९०. एकूण साडेसहा हजारांजवळ, वर बाहेरचं जेवण. पेट्रोलमध्ये फरक किरकोळ आहे, कारण दोन गाड्याही मिळून ११२ गॅलन खातात आणि एकटी आरव्ही १५५. निकाल खोल्यांच्या संख्येवर लागतो. चौघांना एकच खोली पुरते, म्हणून त्यांचा खर्च अडीच हजारांच्या आत बसतो आणि आरव्ही महाग पडते.

राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास एका वाहनाला चालतो, दोन वाहनांना दोन लागतात. २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन धरून अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा आहेत, नाहीतर त्यांच्यासाठीचा २५० डॉलरचा पास. आईबाबांना हा नियम कसा लागतो ते आधी तपासून बजेटमध्ये धरा. मॉन्युमेंट व्हॅली नवाहो नेशनची, तिथे हे पास चालत नाहीत.

ठरलं तर

एका ठिकाणी किमान दोन रात्री धरा. रोज मुक्काम हलवायचा तर सकाळी नळ, वायर, पाइप, चाकाखालचे ठोकळे, ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छत), फ्रीजची कडी, कपाटांची दारं यातच तासभर जातो, आणि तेवढ्यात गाडीवाले पहिला ट्रेक उरकून येतात. वॉचमन, डेव्हिल्स गार्डन आणि मेथर यांची आरक्षणं सहा महिने आधी उघडतात. आधी ती मिळवा, मग आरव्ही बुक करा.

आरव्ही बहुधा दुपारी मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी अकराच्या आत टाक्या रिकाम्या करून परत द्यावी लागते, म्हणून पहिली आणि शेवटची रात्र व्हेगसपासून दोन तासांच्या आत ठेवा. पेजला अँटेलोप कॅन्यनची टूर बुक केली असेल तर वेळ अ‍ॅरिझोनाची. नवाहो नेशन उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं, बाकी अ‍ॅरिझोना करत नाही, आणि हद्दीजवळ फोन कुठल्या टॉवरची वेळ दाखवेल याचा नेम नसतो. त्या दिवशी मनगटावरचं घड्याळ पेजच्या वेळेवर लावून ठेवा.