अंकल पैंच्या सहीचा अंक आणि कोकणातला आषाढ: कॉमिक्स जपायच्या संचाचं परीक्षण

50 पारदर्शक पाऊच, 50 पाठपुठ्ठे, झाकणाची प्लास्टिक पेटी आणि ओलावा ओढणाऱ्या सिलिका जेलच्या 5 ग्रॅमच्या 10 पुड्या असा तयार संच ऑनलाइन मिळतो. पुण्यात तो बिनतक्रार चालेल. रत्नागिरी ते वेंगुर्ला या पट्ट्यात पाऊच चांगले, पुठ्ठे ठीकठाक आणि पेटी नापास. 5 पैकी 3 गुण.

साध्या अंकासाठी इतका खटाटोप कुणी करत नाही. तो अंक फाटला तर दुसरा आणता येतो. पण 1967 साली 'अमर चित्र कथा' सुरू करणारे आणि पुढे 'टिंकल'मुळे घराघरांत 'अंकल पै' झालेले अनंत पै 2011 साली गेले. त्यांची सही असलेला अंक किंवा त्यांचं उत्तराचं पत्र घरात असेल, तर त्याची दुसरी प्रत मिळणार नाही. खालचा हिशोब अशा वस्तूंसाठी.

आधी माप बघा. हे पाऊच अमेरिकन अंकांच्या मापाचे असतात. 'करंट' माप पावणेसात इंचांहून किंचित रुंद असतं. अमर चित्र कथेचा अंक साधारण 7 इंच रुंद, त्यामुळे तो त्यात कोंबावा लागतो आणि कोपरे दुमडतात. पावणेआठ इंचांच्या आसपासचं 'गोल्डन' माप घ्या, त्यात पुठ्ठ्यासकट अंक बसतो. जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचे अंक एकेक मोजूनच घ्यावेत.

पाऊच पॉलिप्रॉपिलीनचा हवा. पीव्हीसी मऊ करायला घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि मुखपृष्ठाची शाई पाऊचला चिकटते. ओळखायचं कसं? एक तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन वर येतं, पीव्हीसी तळाला जातं. (पै स्वतः केमिकल टेक्नॉलॉजी शिकलेले. ही परीक्षा त्यांनी 'टिंकल'मध्ये आनंदानं छापली असती.) संचातले पाऊच तरंगतात. सहीच्या अंकाला मात्र पॉलिएस्टरचा पाऊच वेगळा घ्यावा. तो पाण्यात बुडतो, पण कडक आणि काचेसारखा स्वच्छ असतो, त्यामुळे गल्लत होत नाही.

पुठ्ठ्याची गुळगुळीत पांढरी बाजू अंकाकडे ठेवा. बऱ्याच पुठ्ठ्यांत आम्लरोधक थर तेवढ्याच बाजूला असतो. दमट हवेत पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो आणि अंकही तसाच वाकतो. म्हणून अंक उभे आणि एकमेकांना टेकून ठेवावेत, पण दाटीवाटी नको.

आता पेटी. झाकणाला रबरी पट्टी नाही, म्हणजे जुलैची हवा सरळ आत. पट्टीचा हवाबंद डबा स्वयंपाकाच्या भांड्यांच्या दुकानात मिळतो, तो घ्या. आणि सिलिका जेलच्या जाहिरातीला भुलू नका. पावसाळी हवेत कागद आपल्या वजनाच्या 3-4 टक्के जादा पाणी पिऊन बसतो. 10 किलो अंकांत ते 300 ते 400 ग्रॅम होतं. 5 ग्रॅमची पुडी फार तर दीड ग्रॅम पाणी ओढते, दहा पुड्या मिळून 15. ओले अंक डब्यात घालून झाकण लावणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. त्यापेक्षा ते उघड्या फळीवर परवडले.

म्हणून भरणी पौष-माघात करावी. हवा कोरडी असते तेव्हा अंक आठवडाभर पंख्याखाली, सावलीत, पानं सैल करून ठेवा. उन्हात नको, सहीची शाई उडते. मग डबा भरा, 200 ग्रॅम तरी सिलिका जेल टाका, आत छोटा हायग्रोमीटर, म्हणजे हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र, ठेवा. आकडा 60 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी लागत नाही. वर गेला तर जेल ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. आषाढात उघडीप दिसली म्हणून डबा उघडू नये. ऊन पडलं तरी हवा दमटच असते.

डबा जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पश्चिमेच्या तर नाहीच. माळ्यावरही नको. चाकरमान्यांचं घर शिमग्यापासून गणपतीपर्यंत बंद राहत असेल, तर सहीचा अंक मुंबईलाच न्यावा. डांबराच्या गोळ्या टाकू नयेत, त्यांची वाफ कागदात आणि प्लास्टिकात मुरते. ओला कडुलिंबाचा पालाही नको. कसर पिठाच्या खळीवर येते, तेव्हा खळीनं बांधलेले जुने खंड वेगळ्या डब्यात ठेवा.

खाऱ्या हवेत पिना आधी गंजतात आणि गंज मधल्या पानात उतरतो. पीन आतून अलगद उलगडून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. सेलोटेप कधीच नको.

पत्र असेल तर ते अंकात घडी घालून ठेवू नये. अंकाच्या कागदातलं आम्ल त्यात उतरतं. उलगडून वेगळ्या पॉलिएस्टर पाऊचमध्ये ठेवा आणि आधी स्कॅन करून घ्या. झेरॉक्सवाला लॅमिनेशन सुचवेल, चांगल्या मनानंच. पण तापलेला डिंक एकदा बसला की तो परत सोडवता येत नाही.