हिरा, लॅबचा हिरा, मॉइसनाइट की नीलम? विचारण्याआधी अंगठी निवडताना

तिला लग्नाचं विचारायचं नक्की झालंय, दिवसही मनात ठरलाय, घोडं अडलंय ते अंगठीपाशी. अशा वेळी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती कॅरटची घेऊ?" माझ्या मते तो चौथा-पाचवा प्रश्न. पहिला हा, की ही अंगठी ज्या हातात जाणार तो हात दिवसभर काय करतो. कीबोर्ड बडवतो? दिवसातून वीसदा हातमोजे चढवतो-उतरवतो? माती कालवतो, व्यायामशाळेत लोखंडी दांडा धरतो, तान्ह्या बाळाला उचलतो? खाली जी काही तुलना केली आहे ती त्या हाताकडे बघून केली आहे, मखमली डबीकडे बघून नाही. (सोयीसाठी 'ती' म्हणतोय. तुमच्याकडे 'तो' असेल तर माप बदलेल, बाकी काही नाही.)

खाणीतला हिरा आणि लॅबमधला हिरा

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून आधी हेच.

लॅबचा हिरा नकली नसतो. तोच कार्बन, तीच स्फटिकरचना, मोह्‌स मापावर तोच १० काठिण्यांक (१ ते १० या पट्टीतला सगळ्यात वरचा), प्रकाश वळवण्याचा तोच २.४२ हा अंक. १९५४च्या डिसेंबरात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता वापरून हिरे बनवले, आणि ती पद्धत आजही चालते. दुसऱ्या पद्धतीत कार्बन असलेल्या वायूतून हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर चढवत नेतात. तयार झालेला खडा नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अशक्य, भिंगाखालीही खात्री देता येत नाही, त्यासाठी खास उपकरणं लागतात. व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१८ साली हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्दच काढून टाकला.

मग फरक कुठे? पैशात आणि भावनेत.

लॅबच्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळले आहेत. खाणीतल्या छोट्या खड्याच्या पैशात लॅबचा बराच मोठा आणि स्वच्छ खडा येतो. उलट बाजू अशी, की तो पुन्हा विकायला गेलात तर हातात जवळपास काही पडत नाही. यावर विक्रेता लगेच म्हणेल, "म्हणून तर खाणीतला घ्या, ती गुंतवणूक आहे." हे वाक्य या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्या. खाणीतला हिरासुद्धा दुकानाबाहेर पाऊल टाकताच बराच स्वस्त होतो. किरकोळ नफा, घडणावळ, कर यातलं काहीही परत मिळत नाही. अंगठी वापरायला घ्यायची, विकायला नाही. एवढं एकदा मान्य केलं की निम्मा गोंधळ संपतो.

आणि मागणी घालायची तर हिराच हवा, ही समजूतही फार पुरातन नाही. १४७७ साली ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियननं बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली हा दाखला नेहमी देतात, पण ती राजघराण्यातली गोष्ट. घरोघरी हिरा पोचवण्यात विसाव्या शतकातल्या जाहिरातींचा मोठा हात आहे. 'हिरा चिरंतन असतो' या अर्थाची ती प्रसिद्ध ओळ १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात-लेखिकेनं डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी लिहिली. ओळ उत्तम आहे, वाद नाही. पण आहे जाहिरातच.

खाणीतल्या हिऱ्याच्या बाजूनं मला एकच युक्तिवाद मनापासून पटतो: वय. बहुतेक नैसर्गिक हिरे शंभर कोटी वर्षांपेक्षा जुने आहेत. काही माणसांना हातावर एवढा काळ बाळगण्यात खरंच काही वाटतं. तुमची जोडीदार त्यातली असेल तर लॅबचा हिरा कितीही स्वच्छ असो, तिला तो रुखरुख लावेल.

नीतीच्या मुद्द्यावर मात्र दोन्ही बाजू थोडी फेकाफेक करतात. २००३पासून लागू असलेली किम्बर्ली व्यवस्था बंडखोर गटांच्या लढायांना पैसा पुरवणाऱ्या कच्च्या हिऱ्यांपुरतीच आहे. खाणकामगाराची मजुरी किंवा उकरलेली जमीन तिच्यात येत नाही. आणि लॅबच्या हिऱ्याला वीज लागते, भरपूर लागते. ती कोळशाची की पाण्याची, हे विचारल्याशिवाय 'पर्यावरणस्नेही' या चिठ्ठीला अर्थ नाही.

माझा कल सांगतो. तिला खाणीतल्याचं विशेष वाटत नसेल तर लॅबचा घ्या, आणि वाचलेले पैसे आणखी मोठ्या खड्यात घालू नका. नाकापेक्षा मोती जड होतो. ते पैलूंच्या दर्जात आणि कोंदणात घाला.

मॉइसनाइट

ऑंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८९३ साली ॲरिझोनातल्या उल्कापाताच्या जागी बारीक चमकते कण सापडले. आधी त्याला ते हिरेच वाटले. निघालं सिलिकॉन कार्बाइड, आणि म्वासाँच्या नावावरूनच त्याला मॉइसनाइट म्हणू लागले. आज अंगठीत बसतं ते सगळं मॉइसनाइट प्रयोगशाळेत तयार झालेलं असतं.

काठिण्य ९.२५च्या आसपास, म्हणजे रोजच्या वापराला ठणठणीत. किंमत हिऱ्याच्या तुलनेत किरकोळ. प्रश्न आहे तो झळाळीचा, आणि तीही कमी नाही, जास्त आहे म्हणून. पांढऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे करण्याची ताकद हिऱ्यात ०.०४४, मॉइसनाइटमध्ये ०.१०४, म्हणजे दुपटीहून जास्त. छोट्या खड्यात हे गोड दिसतं. मोठ्या खड्यात, विशेषतः कडक उन्हात, लाल-हिरव्या-निळ्या ठिणग्यांची जत्रा भरते. कुणाला ती आवडते, कुणाला लग्नाच्या मांडवातली रोषणाई आठवते. दोन्ही खडे शेजारी ठेवून उन्हात बघा, पाच मिनिटांत तुमचं उत्तर तुम्हाला मिळेल.

एक सांगतो. मॉइसनाइट द्यायचं तर मॉइसनाइट म्हणूनच द्या. हिरा तपासायचं साधं उष्णतेवर चालणारं यंत्र त्याला फसून 'हिरा' म्हणतं, त्यामुळे गंमत चालून जाईल असं वाटू शकतं. पण ती कधीतरी अंगठी साफ करायला टाकणार, तिथला माणूस भिंगातून बघणार, मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसणार (मॉइसनाइटची ही खूणच आहे), आणि मग जे बोलणं व्हायचं ते चुकीच्या माणसाच्या तोंडून होणार.

नीलम, आणि इतर रंगीत खडे

काठिण्य ९. हिऱ्याइतकी चमक नाही, पण रंग आहे, आणि तो लांबून ओळखू येतो. १९८१ साली डायनाच्या बोटात गेलेला १२ कॅरटचा लंबगोल नीलम २०१०मध्ये केट मिडलटनच्या बोटात आला. ती अंगठी कुणी दुसरीशी गल्लत करेल का? नीलम फक्त निळाच असतो असंही नाही. गुलाबी, पिवळा, हिरवट, अगदी बिनरंगीही मिळतो.

हिऱ्यासारखी ठरलेली प्रतवारी इथे नसल्यामुळे कागदापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवावा लागतो. दुकानात गडद निळा शाही वाटतो, पण संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात तोच शाईच्या थेंबासारखा काळा पडतो. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत तापवून रंग खुलवलेले असतात. तो रंग टिकाऊ असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त तसं सांगितलेलं असावं. न तापवलेल्यासाठी जास्त पैसे मागत असतील तर प्रयोगशाळेचा कागद मागा.

पाचू सुंदर, पण आतून भेगाळ. बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल भरलेलं असतं आणि अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतला तर घात होतो. ओपल आणि मोती रोजच्या अंगठीत नकोतच. हवेतल्या धुळीत क्वार्ट्‌झ असतं, त्याचं काठिण्य ७. ओपलचं साधारण साडेपाच ते साडेसहा. म्हणजे ओपलवरची धूळ रुमालानं पुसली तरी चरे पडतात.

कठीण म्हणजे अभंग, असंही समजू नका. हिऱ्याला सहजी ओरखडा उमटत नाही, पण विशिष्ट दिशेनं फटका बसला तर तो फुटतो. टोकदार घाट, म्हणजे चौकोनी प्रिन्सेस, थेंब, नावेसारखा मार्कीज, यांची टोकं आधी टवका सोडतात.

आकडे कुठे मोजायचे, कुठे सोडायचे

कॅरट हे वजन आहे, १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. नीट कापलेला १ कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटरचा दिसतो आणि २ कॅरटचा साधारण ८ मिलिमीटरचा. वजन दुप्पट, दिसणं दीड मिलिमीटरनं जास्त. आणि पूर्ण आकड्यावर किंमत उडी मारते, म्हणून ०.९ कॅरट घ्या. बोटावर फरक कुणालाही कळणार नाही.

रंगाची श्रेणी 'डी'पासून 'झेड'पर्यंत, 'डी' म्हणजे अगदी बिनरंगी आणि 'झेड'कडे जाताना पिवळट. पिवळ्या सोन्यात 'आय' किंवा 'जे'सुद्धा पांढराच दिसतो. प्लॅटिनममध्ये 'जी', 'एच'च्या खाली शक्यतो उतरू नये. आतले डाग डोळ्यांना दिसत नाहीत ना, एवढं पुरे, कारण भिंग लावून कुणी तुमच्या मागणीला हो-नाही म्हणत नाही. पैलूंची घडण मात्र सोडू नका. 'हिऱ्याचं पाणी' म्हणतो ते तिच्यावर ठरतं.

मी दोन लंबगोल हिरे दुकानातल्या दिव्याखाली पाहिले, दोन्ही सारखेच लखलखत होते. तिथले दिवे त्यासाठीच लावलेले असतात, त्यांच्याखाली काचही नाचेल. खिडकीशी नेऊन धरले तर एकाच्या मधोमध बो-टायच्या आकाराची काळी सावली, बोट हलवलं तरी हलेना. कागदावर तोच वरच्या श्रेणीचा होता.

कागद जीआयए किंवा आयजीआयसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा असावा, आणि त्यावरचा क्रमांक खड्याच्या कडेवर लेझरनं कोरलेला असेल तर तो दुकानातच जुळवून बघावा.

धातू आणि कोंदण

इथे दुसरा कॅरट येतो, शुद्धतेचा, आणि आपण दोन्हींना एकच शब्द वापरत असल्यामुळे फोनवर हमखास घोळ होतो. १८ कॅरट सोनं म्हणजे ७५ टक्के शुद्ध, १४ कॅरट म्हणजे ५८.५ टक्के. हातानं काम करणाऱ्याला १४ बरं, कारण ते जास्त कणखर असतं. पांढऱ्या सोन्याची पांढरी झाक वरच्या ऱ्होडियमच्या मुलाम्याची असते. तो झिजतो, ठरावीक काळानं पुन्हा चढवावा लागतो, आणि मिश्रणात निकेल असेल तर काहींच्या बोटाला खाज सुटते. प्लॅटिनम बहुधा ९५ टक्के शुद्ध, त्वचेला सौम्य, आणि चांगलंच जड. त्यावर चरे पडतात, पण धातू फारसा झडत नाही, बाजूला सरकतो. काही वर्षांनी त्याची चकाकी जाऊन मंद राखाडी छटा येते. मला ती आवडते. ज्यांना आरसा हवा असतो त्यांनी पांढरं सोनं घ्यावं आणि मुलाम्याचा खर्च धरून चालावं.

कोंदणात खरी निवड दोनच. नख्यांचं कोंदण खड्याला उजेडात उचलून धरतं. १८८६ साली टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यानं लोकप्रिय केलेलं सहा नख्यांचं रूप आजही चालतं. चार नख्यांत खडा जास्त मोकळा दिसतो, पण एक नखी वाकली की खडा तिघींच्या भरवशावर. खडा सभोवार धातूच्या कडेनं बांधलेलं बंद कोंदण थोडं जुनाट दिसतं म्हणतात. पण ते स्वेटरच्या धाग्यात अडकत नाही, हातमोजा फाडत नाही, बाळाच्या गालाला ओरखडत नाही. परिचारिका, शिक्षिका, गिर्यारोहक, कुंभार यांच्यासाठी मी दुसरं काही सुचवणार नाही.

माप

याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, कारण मी इथे पुरता आपटलोय.

ती अंघोळीला गेली असताना टेबलावरची तिची अंगठी उचलली, माझ्या करंगळीत जिथपर्यंत जाते तिथे बॉलपेननं रेघ मारली आणि दुकान गाठलं. शूरवीरच. ती अंगठी ती उजव्या हाताच्या मधल्या बोटात घालते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उजव्या हातानं काम करणाऱ्याची उजवी बोटं सहसा जरा जाड असतात, आणि दिवस उन्हाळ्याचे असतील तर सगळीच बोटं फुगलेली असतात. अमेरिकी मापपट्टीत एका मापाचा फरक व्यासात जेमतेम ०.८ मिलिमीटर, त्यामुळे चुकायला फार काही करावं लागत नाही.

वर मी निवडली होती सभोवार बारीक हिरे जडवलेली अंगठी. "माप कमी-जास्त करून देऊ," असं घेताना तोंडी सांगितलं होतं. नंतर कळलं, सभोवार खडे असले की कापून जोडायला मोकळा धातूच उरत नाही. घेताना हे लेखी विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. तुम्ही विचारा, आणि साधा दांडा असलेली घ्या. किंवा चक्क एखादी हलकीफुलकी अंगठी देऊन विचारा आणि खरी दोघं मिळून निवडा. तिला अंगठीबद्दल ठाम मतं असतील तर मी हाच रस्ता धरेन. विचारणं अचानक असलं म्हणजे झालं.

आमच्याकडे ती 'हो' म्हणाली, मी अंगठी चढवली आणि ती बोटावर गरगर फिरून खडा तळहाताकडे गेला. नवी घडवून येईपर्यंत सहा आठवडे ती अंगठी तिनं अंगठ्यात घातली. तिथे ती अगदी मापात बसत होती.